ओल्या गोणपाटाखालची पेटी

कोनगावात माणसाला एकदा टोपणनाव चिकटलं की ते त्याच्याबरोबर जळत नाही, खाली नातवंडांना उतरतं. नामा म्हणून एक भला माणूस तरुणपणी एकदा, फक्त एकदाच, शेणाच्या खड्ड्यात पडला होता. पुढे त्याने चाळी बांधल्या, देवळाला कळस चढवला, पंचायतीवर निवडून आला. आज त्याचा नातू इंजिनीअर आहे आणि गाव त्याला शेणनामाचा नातू म्हणूनच ओळखतं. हे लडकू तरेला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच आपल्या गाडीतून हल्ली नेमकं काय जातं, हे त्याने गावात कोणाला सांगितलं नव्हतं.

एरवी लडकूच्या पोटात काही राहायचं नाही. बोलायला लागला की समोरच्याचा चहा निवायचा. अर्धं आयुष्य त्याने टेम्पोवर काढलं. भिवंडीतल्या लूमच्या कारखान्यांत सूत गुंडाळलेले बीम पोचवायचे आणि कापडाचे तागे उचलायचे. शेठ, मुकादम, यूपी-बिहारचे कारागीर, सगळ्यांशी त्याचं त्यांच्या त्यांच्या भाषेत जमायचं, आणि भांडायचाही त्यांच्याच भाषेत. मग एकेक करून लूम बंद पडत गेल्या, पत्र्याच्या शेडच्या जागी गोदामं आली, तसा त्याने टेम्पो विकून इको गाडी घेतली आणि ती पालिकेच्या आरोग्य खात्याला भाड्याने लावली.

तेवढ्यात कोरोना आला आणि लडकूचे दिवस पालटले. लसीच्या पेट्या नेणारी गाडी त्याची. नाक्यावर पोलिसाने हात केला तरी तो थांबवायला नसे, ‘जा पुढे’ म्हणायला असे. जे गाव त्याला ‘ए लडक्या’ म्हणायचं, तेच ‘लसवाले लडकूशेट’ म्हणायला लागलं. पारावर त्याला जागा करून देऊ लागलं. माणसाला असल्या गोष्टींची सवय फार लवकर लागते, आणि लडकूला ती इतरांपेक्षा जरा लवकरच लागली.

साथ ओसरली. लसीच्या फेऱ्या आटल्या. खात्याने गाडी काढली नाही, काम तेवढं बदललं. टेमघरला जिथे वस्तीचं सांडपाणी मोठ्या नाल्याला मिळतं, तिथे ठरल्या दिवशी सकाळी जायचं. पालिकेचा मोरू दोरीला बांधलेलं भांडं नाल्यात सोडून पाणी काढायचा, बाटल्यांत भरायचा, झाकणं घट्ट लावून पिशव्यांत बंद करायचा. त्या बाटल्या निळ्या पेटीत बर्फात ठेवायच्या आणि बर्फ विरघळायच्या आत मुंबईच्या प्रयोगशाळेत पोचवायच्या.

पहिल्या दिवशी लडकू नाकाला रुमाल लावून गाडीतच बसून राहिला. जवळच्या चाळीतला एक लूम कारागीर रात्रपाळी करून परतत होता. तो थांबून म्हणाला, “क्या भाई, नाले में सोना ढूँढ रहे हो क्या?” लडकूला हसू आलं नाही. त्याने खात्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंना, मृणाली मॅडमना, विचारलंच, “मॅडम, ह्या घानीत बगाचं काय?”

“काका, पोलिओ, टायफॉइड, काय काय कळतं त्यातून,” त्या म्हणाल्या. “घरोघरी विचारायला गेलं की लोक दार लावतात. आमच्याकडे कोणी आजारी नाही म्हणतात. आणि त्यांनाही माहीत नसतं हो. मूल खेळत असतं, पण विषाणू त्याच्या पोटात असतो. तो संडासातून नाल्यात येतो. कोणाचा पाय लुळा पडायच्या आधी आपल्याला ह्या बाटलीत दिसतो. दिसला की लगेच डोस घेऊन वस्तीत शिरायचं.”

लडकूने मान हलवली. “म्हंजे आपुन सगल्या टेमघरचं पोट तपासतंय.”

“अगदी तेच!” मॅडम खूश होऊन म्हणाल्या.

काम महत्त्वाचं आहे हे त्याला पटलं. पण पटणं वेगळं आणि पारावर सांगणं वेगळं. त्याने फक्त बायकोला सांगितलं. गोदू भाकरी थापता थापता म्हणाली, “नेताव तं न्या, पन माज्या भावांना सांगू नका.” झालं. गाव ‘लसवाले’ म्हणत राहिलं आणि लडकू ऐकून घेत राहिला. खोटं त्याने एकही सांगितलं नाही. कोणी विचारलंच नाही, म्हणून खरंही सांगितलं नाही. मोरूबरोबर तो टपरीवर चहा घ्यायचा, बिडी ओढायचा, घरच्या गोष्टी बोलायचा. पण ‘कधी घरी ये’ असं त्याच्या तोंडून कधी निघालं नाही. मोरूही शहाणा. त्याने कधी तसं मनावर घेतलेलं दाखवलं नाही.

पेटीवर खात्याचा मोठा स्टिकर होता. त्यावर ‘सांडपाणी नमुना’ अशी ठळक अक्षरं. लडकूने त्यावरही इलाज काढला. खाडीकाठचे लोक मासळीच्या पेटीवर ओलं गोणपाट टाकतात, गारवा टिकतो म्हणून. लडकूनेही तेच केलं. मॅडमनी गोणपाट पाहून कौतुक केलं, की काका बर्फाची किती काळजी घेतात. काळजी होतीच, पण गोणपाट नेमकं स्टिकरवर कसं येईल याची जरा जास्त होती.

इथवर सगळं झाकल्या मुठीत होतं. मग त्याच्या मुलीचं, भाविकाचं, लग्न ठरायला आलं.

भाविका मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात ऑफिसच्या कामाला होती. तिथेच प्रितम मढवी सुपरवायझर. पोरांनी एकमेकांना पसंत करून टाकलं होतं, मोठ्यांनी फक्त नारळ फोडायचा बाकी होता. प्रितमचे वडील दौलत मढवी मानकोलीचे जुने जमीनवाले. भातशेतीवर गोदामं उभी राहिली, तसं त्यांचं तीन मजली घर उभं राहिलं. घर दौलतचं खरं, पण घरात शब्द चालायचा त्यांच्या थोरल्या बहिणीचा. तिला सगळे आक्का म्हणत. आक्काचा डावा पाय लहानपणीच गेलेला. गुडघ्यावर हात दाबून ती चालायची, आणि त्याच चालीने अख्ख्या घराला पळवायची. लग्न तिने केलं नव्हतं, किंवा कोणी होऊ दिलं नव्हतं. भावाची पोरं तिनेच वाढवली. प्रितम आईला विचारायच्या आधी तिला विचारायचा.

पहिल्याच भेटीत दौलतने चार माणसांत सांगितलं, “हे आमचे व्याही, कोनगावचे लसवाले.” लडकूने पेढा तोंडात टाकला.

“बाबा, सांगून टाका ना,” भाविका घरी म्हणाली. “प्रितमला मी सांगितलंय. त्याला काही वाटत नाही.”

“प्रितमला न्हाय वाटत गं. त्याच्या आक्काला वाटंल. भावकीला वाटंल. सासरी तुला कोन गटारवाल्याची पोर बोललं तं मी काय करू? लगीन होऊं दे, मंग सांगतो.”

बापाच्या जिवाला खरा घोर तो होता. स्वतःला नाव पडलं असतं तर त्याने एक वेळ गिळलं असतं. पण ते नाव पोरीच्या मागोमाग मानकोलीला जाईल, तिच्या ताटाशी बसेल, तिच्या पोरांना चिकटेल, या विचाराने त्याची झोप उडाली होती. हळदीची तारीख ठरेपर्यंत तरी कोणाला काही कळू नये, एवढंच तो देवाकडे मागत होता.

आणि नेमक्या त्याच दिवसांत टेमघरच्या नाल्याच्या नमुन्यात काहीतरी शंका आली. पक्कं काही नव्हतं, पण पुन्हा पाणी मागवलं होतं. मृणाली मॅडमचा चेहरा सकाळपासून उतरलेला. पेटी गाडीत ठेवताना त्या म्हणाल्या, “काका, आज कुठेही थांबू नका हं. सरळ जा.”

“सरल म्हंजे सरल,” लडकू म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

राजनोली नाका ओलांडतोय तोच दौलतचा फोन. हळदीला वाजवणारा बेंजोवाला घरी येऊन बसला होता, केटरर येऊन बसला होता, हळदीची तारीख आत्ता बोलली नाही तर दोघेही दुसऱ्या लग्नाची सुपारी घेणार होते. “व्याही, तुमी हायवेलाच हाव ना? पाच मिंटं या. बसू नका, उभ्या उभ्या जा.” आता मुलीच्या बापाने वरपक्षाला नाही कसं म्हणायचं? मानकोली वाटेतच. लडकूने गाडी वळवली.

आगरी माणसाच्या घरी उभ्या उभ्या कोणी गेल्याचं आजवर ऐकिवात नाही. लडकूला हाताला धरून हॉलमध्ये बसवलं. पाणी आलं, सरबत आलं, बेंजोवाल्याने आपली थोरवी सांगायला सुरुवात केली. लडकूचं अर्धं लक्ष दारात उभ्या असलेल्या गाडीकडे.

गाडीकडे आणखी कोणाचंतरी लक्ष होतं. आक्का ओटीवर आली, तिने इकोच्या मागच्या काचेतून आत पाहिलं. निळी पेटी, वर ओलं गोणपाट. पोरीचा बाप तारीख ठरवायला आलाय आणि गाडीत बर्फाची पेटी आहे, म्हणजे आत काय असणार हे खाडीकाठच्या माणसाला विचारावं लागत नाही. जिताडाच, खाडीतला मानाचा मासा. बोलणीला येणारा मोकळ्या हाताने येत नाही, आणि मासा आणला तर तो स्वतःच्या तोंडाने सांगतही नाही. घरच्यांनी न विचारता आत न्यायचा, ही रीत. आक्काने रीतीप्रमाणे केलं. प्रितम कामावर गेलेला, म्हणून केटररच्या दोन माणसांना हाक मारून तिने पेटी मागच्या दाराने स्वयंपाकघरात नेववली. गोणपाटासकट.

सरबत संपवून लडकू उठतच होता. तेवढ्यात आतून बर्फ मोरीत ओतल्याचा खळखळाट झाला. त्या आवाजाचा आणि आपला काही संबंध असेल हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. मग आक्काची हाक आली, “लडकूभाव, जरा आतमदी या.”

तो आत गेला आणि उंबऱ्यातच थबकला. पेटी रिकामी, उपडी. मासा तळाशी असेल म्हणून बायांनी सगळा बर्फ मोरीत ओतला होता. ओट्यावर एक बाटली पिशवीतच आडवी पडलेली. दुसरी आक्काच्या हातात, पिशवीतून काढलेली. ती बाटली खिडकीच्या उजेडात धरून पाहत होती.

“जिताडा हुडकला तं यो गावला,” ती हसत म्हणाली. “औशद हाय का काढा?”

‘औषध’ एवढाच शब्द उच्चारायचा होता. लसवाल्या व्याह्याच्या पेटीत औषध, कोणाला खोटं वाटणार होतं? शब्द लडकूच्या जिभेवर आलाही. पण वास कसला येतो ते बघायला आक्काने झाकणाला बोटं लावली.

“उघडू नका आक्का!” लडकू एवढ्या मोठ्याने ओरडला की हॉलमधला बेंजोवाला गप्प झाला. “गटाराचं पानी हाय त्यात!”

दौलत दारात येऊन उभा राहिला. घरच्या थोरल्या सुनेने पदर नाकाला लावला. लडकूला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला इकोसकट आत घ्यावं.

मग मात्र तो थांबला नाही. झाकली मूठ उघडलीच होती, आता बोटं मोजून काय उपयोग? “मी लस न्हाय नेत आता. टेमघरच्या नाल्याचं पानी नेतंय, मुंबईला, तपासाला. तुमाला सांगाला पायजे व्हतं, न्हाय सांगितलं. माजी चूक. पोरीची न्हाय. ती बोलत व्हती सांगा म्हनून. पयला बाटली खाली ठेवा आनि हात धुवा, साबन लावून धुवा.”

आक्काने बाटली हळूच ओट्यावर ठेवली. हात धुतले, नीट धुतले. पुसता पुसता विचारलं, “गटारात तपासाचं काय?”

“पोलिओ हाय का बगतात. पोरांच्या पोटात असला तं नाल्यात येतो. पाय जायच्या आदी कलतो. मागल्या टायमाला जरा डाउट आला, म्हनून आज परत नेतंय.” आणि मग त्याचं लक्ष तिच्या पायाकडे गेलं.

आक्का स्टुलावर बसली. गुडघ्यावरचा हात तिने तसाच ठेवला.

“मना ताप आला तवा बापूस भगताकडं घेऊन गेला,” ती म्हणाली. “लिंबू उतरवला. कोंबडा दिला. सकाली उठलू तं पाय उचलं ना. त्याचं नाव काय, ते बी मना मोठी झाल्यावर कललं. त्याच पावसात आमच्या आलीत आनखी दोन पोरांचे पाय गेले. कोनी बगाला आलं न्हाय. गटार सोडा, घर बी कोनी बगलं न्हाय.”

ती उठली, आणि उठली ती पूर्वीच्याच आवाजात. “बर्फ कवरा हाय घरात? बगत काय उभ्या ऱ्हायल्या!”

घरात बर्फ होता. पाहुण्यांसाठी म्हणून खरा जिताडा सकाळीच आला होता, तो थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर पडून होता. आक्काने जिताडा उचलून परातीत टाकला. बाटलीवर तिने स्वतःच्या हाताने पिशवी चढवली, दोन्ही बाटल्या पेटीत उभ्या केल्या, आणि खोक्यातला सगळा बर्फ भोवती दाबून भरला.

“आक्का, मासा नासंल,” सून म्हणाली.

“नासला तं नासला. त्याला पाय न्हाय जायाचे.” मग लडकूकडे वळून, “तुमी निगा. जेवाला थांबू नका. आनि निकाल काय येतो, तो मना सांगा.”

लडकू निघाला. आगऱ्याच्या घरातून जेवण न करता, तारीख न ठरवता. मुंबईत प्रयोगशाळेच्या माणसाने पेटीत थर्मामीटर घातला तेव्हा लडकूने डोळे मिटून घेतले होते. “गार आहे,” तो म्हणाला, मग नाक वर करून, “पण मासळीचा वास कसला?” लडकूने खाली येऊन मृणाली मॅडमना फोन लावला आणि सगळं सांगितलं, सरबतासकट. मॅडम आधी खूप रागावल्या. मग त्यांनी विचारलं, त्या बाईंनी हात धुतले ना? बाटली उघडली नव्हती ना? आणि मग जरा थांबून म्हणाल्या, “बर्फ भरला हे बरं केलं त्यांनी.”

निकाल यायला वेळ लागतो. ते दिवस लडकूला फार जड गेले. मानकोलीहून फोन नाही. दौलतचा नाही, आक्काचा तर नाहीच. बेंजोवाल्याने दुसरी सुपारी घेतल्याची बातमी तेवढी आली. भाविका कामावर जायची, यायची. प्रितम तिला सांगायचा की आक्का तारखेचा विषयच काढू देत नाही. “मोडलं गो पोरी,” लडकू एकदा म्हणाला आणि पोरीसमोर रडला. टेम्पो विकला त्या दिवशीही तो रडला नव्हता.

एका दुपारी तो गॅरेजमध्ये इकोचं ऑइल बदलून घेत होता, तेव्हा मॅडमचा फोन आला. “काका, टेमघर साफ आहे! काही निघालं नाही.” मॅडमच्या आवाजातच एवढं हसू होतं की लडकूही तिथल्या तिथे हसत सुटला. टेमघरच्या चाळीतली नागडी पोरं त्याच्या डोळ्यांसमोर आली, नाल्याच्या कडेने टायर पळवणारी. त्यांच्यातल्या एकाचंही नाव त्याला माहीत नव्हतं, तरी त्याला वाटलं, पळा रे, खुशाल पळा.

मग आक्काला शब्द दिलाय हे आठवलं. लग्न राहो की मोडो, शब्द तो शब्द. त्याने मानकोलीला फोन लावला.

“आक्का, मी लडकू. काय न्हाय निगालं. साफ हाय.”

पलीकडे आक्काने नाक ओढल्याचं ऐकू आलं.

“किती वाट बगाला लावली रं दादूस,” ती म्हणाली. “मना जेवान गेलं न्हाय. टेमघरच्या पोरांचे पाय दिसाचे. घरात कोनी हलदीचं नाव काढलं का मी वरडाची, की पयला त्या पान्याचा निकाल येऊं दे, मंग नाचा.”

लडकूने फोन दुसऱ्या कानाला लावला. “म्हंजे... तुमी त्याच्यासाटी थांबलाव? मना वाटलं, मी गटाराचं पानी...”

“येडा हाव काय?” आक्का ओरडली. “तारीख धरा आता. बेंजोवाला गेला तं गेला, दुसरा आना.”

लडकू गॅरेजच्या पायरीवर खाली बसला. जिवात जीव आला म्हणजे नेमकं काय होतं, ते त्याला त्या दिवशी कळलं. भूक लागते. त्याने तिथेच वडापाव मागवून खाल्ला आणि मग घरी फोन केला.

हळद दणक्यात झाली. दुसरा बेंजोवाला पहिल्यापेक्षा बरा निघाला. लडकूने मोरूला बायकोपोरांसकट बोलावलं होतं. बोलवायला तो स्वतः त्याच्या घरी गेला, आणि इतकी वर्षं आपण हे का केलं नाही याचं त्याला जिना चढताना वाईट वाटलं. गाणी मध्येच थांबवून आक्काने माइक मागून घेतला. मांडवात कोनगाव होतं, मानकोली होतं, गोदूचे भाऊसुद्धा होते.

“आयका रं सगले,” आक्का म्हणाली. “ह्यो आमचा व्याही, लडकूशेट. लोका बोलतात लस नेतो. लस न्हाय, गटाराचं पानी नेतो. आपल्या पोरांचे पाय ऱ्हावे म्हनून नेतो. कोनाला हसाचं तं आता हसून घ्या, माज्यासमोर.”

कोणी हसलं नाही असं नाही. कोनगावची चार टारगट पोरं हसलीच, आणि दुसऱ्या दिवसापासून गावात लडकूला ‘गटारशेट’ हे नाव पडलं ते पडलंच. ते आता नातवंडांना उतरणार. पण भाविकाने ते माहेरी आल्यावर ऐकलं आणि ती स्वतःच त्याला त्या नावाने हाक मारून पोट धरून हसली, तेव्हा लडकूच्या मनातला उरलासुरला काटाही निघून गेला.

पुढच्या फेरीला मोरूने बाटल्या भरून दिल्या. लडकूने पेटी गाडीत ठेवली, बर्फ दाबला, झाकण लावलं. मग गोणपाट ओलं करून पिळलं आणि वरून टाकलं, स्टिकर तेवढा उघडा राहील असं दुमडून.